झालरला झेपेल एवढं पाणी

४ जानेवारी

प्रिय मोजपट्टी,

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही दोघं धडधाकट आहोत. फोन केला असता, पण फोनवर तू काहीतरी विचारतेस, मी "हो हो" म्हणतो आणि मागाहून कळतं की तू विचारलं होतंस, "बरं नाही का?" शिलाई मशीनने माझे कान पार खाऊन टाकले आहेत. कागदावर मात्र तू मला अगदी स्वच्छ ऐकू येतेस.

बातम्या दोन. पहिली, दुकान बंद केलं. शेवटचा कोट गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवला, खांद्यावरून हात फिरवला आणि शटर ओढलं. पहिला आठवडा मजेत गेला. दुसऱ्या आठवड्यात तुझी काकू म्हणाली, "अहो, भिंतीकडे काय बघताय एवढं?" आणि मी खरंच भिंतीकडे बघत होतो गं.

दुसरी बातमी, त्या भिंतीला आता माशांची टाकी लागली आहे. कोपऱ्यावरचं हॉटेल बंद झालं. त्यांचे पडदे मीच शिवलेले, ते उतरवून द्यायला गेलो आणि येताना चौघांच्या खांद्यावर त्यांची टाकी घेऊन आलो. काकू दारात उभी. म्हणाली, "पडदे काढायला गेला होतात ना? हा कुठला पडदा?"

स्वयंपाकघरातल्या छोट्या टाकीत आपले चार एंजल मासे दाटीवाटीने राहतात, तुला माहीतच आहेत: झालर, कॉलर, अस्तर आणि बटण. त्यांना इकडे हलवायचं. काकूने अट घातली आहे. फेब्रुवारी संपेपर्यंत मुदत. बैठकीच्या खोलीत आवाज नको आणि एकही मासा दगावता कामा नये. नाहीतर टाकी खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे जाणार. त्यांना ती हवीच आहे. दात काढायच्या आधी मासे बघितले की पेशंट शांत होतात म्हणे. आता माझंही काहीतरी काढून घेतल्यासारखंच झालंय, मग मी का बघू नयेत मासे?

मुद्दा असा. गाळणी टाकीखालच्या कपाटात आहे. पाणी पाइपाने खाली येतं, स्पंजातून जातं आणि पंप ते परत वर फेकतो. पण हॉटेलचा पंप जळालेला आहे. दुकानदार विचारतो, "तासाला किती लिटरचा देऊ?" मी छाती फुगवून म्हटलं, "पुतणीला विचारून सांगतो. ती सगळ्या शहराचं पाणी बघते."

माप घे: लांबी बासष्ट इंच, रुंदी वीस, उंची सव्वीस. आता सांग. पाण्याचं शिकलेली आपल्या घरात तू एकटी. पाण्याचं कशाला, शिकलेलीच तू एकटी.

तुझा,
काका


११ जानेवारी

प्रिय काका,

नमस्कार (मोठ्याने).

दुकान बंद झाल्याचं वाचून जीव हलला आणि टाकीचं वाचून हसू आलं. पण शहराचं पाणी मी बघत नाही हो! ते मोठे लोक बघतात. मी फक्त त्याच्या बाटल्या बघते. आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यात धाकटी मी आहे. बाबा सगळीकडे "आमची पाण्याची साहेब" म्हणत फिरतात, ते मनावर घेऊ नका. आणि मासे म्हणाल, तर आमच्या जलशुद्धीकरण केंद्रात मासा दिसला की त्याची तक्रार होते. माझी त्यांच्याशी ओळख तेवढीच.

तरी तुम्ही विचारलंय म्हणून रोज जेवणाच्या सुट्टीत वाचत बसले. तुमच्या मापाने टाकीत सव्वापाचशे लिटर पाणी मावेल. तासाभरात टाकीतलं सगळं पाणी किती वेळा गाळणीतून फिरायला हवं, यावर एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. कोणी चार वेळा म्हणतो, कोणी दहा. मी आठ धरले. कमी पडण्यापेक्षा जास्त असलेलं बरं. म्हणजे तासाला सव्वाचार हजार लिटर. शिवाय पाणी वर चढवताना पंपाचा जोर कमी होतो, म्हणून आणखी थोडं वर जाऊन पाच हजारांचा घ्या. हा हिशोब मी चार वेळा तपासला आहे. पाचव्यांदा तपासणार होते, पण बरोबरची मैत्रीण म्हणाली, "कागद फाटेल आता."

एक गोष्ट नक्की माहीत आहे, ती मात्र ऐका. जुन्या टाकीतला स्पंज नळाखाली धुऊ नका. त्यात जिवाणू राहतात आणि माशांची घाण तेच पचवतात. तो तसाच मळका नव्या गाळणीत ठेवा. काकूला "मळका" हा शब्द सांगू नका.

काका, जरा जरी बिघडलं तरी लगेच कळवा. माझ्या आकड्यामुळे तुमची टाकी खाली गेली, तर "शिकून काय दिवे लावले" असं दुसऱ्या कोणी म्हणायच्या आत मीच स्वतःला म्हणेन.

तुमची,
मोजपट्टी


२४ जानेवारी

प्रिय मोजपट्टी,

दिवे लावलेस, खरोखरच लावलेस! टाकीत दिवा आहे, पंप आहे, हॉटेलातलं एक वाकडंतिकडं लाकूड आणि रुंद पानांचं एक पाणझाड आहे आणि चारही मासे नव्या घरात आहेत. स्पंज मळकाच ठेवला. काकूला म्हटलं, "हा मुरलेला आहे."

पंप काय दणकट आहे! कॉलर या टोकापासून त्या टोकापर्यंत शर्यत लावतो. बटण पळतो तो थांबतच नाही. झालर तर गिरकी घेते, तिचे ते लांब पर वाऱ्यावरच्या पडद्यासारखे उडतात. छोट्या टाकीत बसून बसून आळशी झाले होते चौघं, आता अंगाला चांगला व्यायाम होतोय. आणि आवाज म्हणशील, तर अजिबात नाही. मी टाकीला कान लावून बघितला. शांत म्हणजे शांत.

पंपाचं पाणी टाकीत येतं त्या पाइपाच्या तोंडाला मी पातळ कापडाची एक बाही शिवून घातली आहे. उगीच, शोभेला. किती दिवसांनी मशीनवर बसलो! काकूने बघितलं आणि काही बोलली नाही. म्हणजे तिला आवडली असावी.

दातवाले डॉक्टर येऊन बघून गेले. गप्प होते. जळतात, दुसरं काय.

तुझा,
काका


३० जानेवारी

प्रिय काका,

तुमचं पत्र मी प्रयोगशाळेत उभ्याने वाचलं आणि मैत्रिणीला मिठी मारली. तिच्या हातातली बाटली फुटता फुटता राहिली. मुख्य म्हणजे आवाज नाही! त्याचीच मला धास्ती होती, काकूची अट तीच ना. बाबांना फोन केला. त्यांनी शेजारच्यांना सांगितलं. शेजारच्यांनी मला त्यांच्या गळक्या नळाबद्दल विचारलं.

पण काका, मनात एक किडा वळवळतोय. पाइपाच्या तोंडाला शोभेची बाही कशाला? तोंड तर पाण्याखाली असतं, तिथे शोभा कोण बघणार? आणि मासे थांबतच नाहीत म्हणजे त्यांना थांबता येत नाही की थांबायचं नाही? ते खातात ना नीट? मला ओरडा, की मी फार शंका काढते. पण उत्तर द्या.

तुमची,
मोजपट्टी


३ फेब्रुवारी

बाळ,

तुझं पत्र ह्यांनी वाचलं, घडी केली आणि खिशात ठेवलं. उत्तर लिहायला बसले आणि "पेन चालत नाही" म्हणून उठले. पेन चालतंय. त्याच पेनाने मी लिहितेय.

शर्यत कसली आणि गिरकी कसली! पाण्याचा लोंढा आला की ती बिचारी झालर पालथी होते. एका पराला चीर गेली आहे. अस्तर त्या लाकडामागे तोंड खुपसून बसलाय तो बाहेरच येत नाही. खाणं टाकलं की माशाच्या तोंडाशी पोचायच्या आत पाणी ते ओढून खाली नेतं. तुझे काका मग बोटांत दाणा धरून, हात खांद्यापर्यंत पाण्यात घालून एकेकाला भरवतात. शर्टाची बाही रोज ओली.

आणि आवाज नाही म्हणे! अगं, त्यांना ऐकू येत नाही! टाकीला कान लावला म्हणून लिहिलंय ना, तो डावा कान. त्या कानाला दारावरची घंटासुद्धा कळत नाही. इथे दिवसभर कोणीतरी मोठा माणूस चूळ भरतोय असा आवाज चालू असतो. त्यात कपाट थरथरतं. इतकी वर्षं मी मशीनच्या खडखडाटात काढली. ते थांबलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आपल्या घड्याळाला टिकटिक आहे. ती चार दिवस ऐकते न ऐकते तोच ही चूळ!

ती बाही शोभेची नव्हती, पाण्याचा जोर मोडायला होती. फुग्यासारखी फुगली, पाइपाचं तोंड पाण्याबाहेर उचललं गेलं आणि नेमके डॉक्टर वाकून बघत असताना ती सुटली. पाण्याची चिळकांडी थेट त्यांच्या चष्म्यावर. डॉक्टर म्हणाले, "चूळ भरायला माझ्याकडे लोक येतात, मी तुमच्याकडे आलो." ह्यांना ते ऐकू आलं नाही म्हणून बरं.

तुला खरं सांगितलं नाही, कारण "पोरीच्या आकड्यात खोट काढायची नाही" असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "मग मासे मरू देत?" तर जेवले नाहीत.

आता माझं ऐक. अट मी घातली आणि सगळ्यांसमोर घातली, ती मी मागे कशी घेऊ? पण भिंतीकडे बघत बसलेला माणूस मी बघितलाय. टाकी गेली की तो परत तसाच बसणार. तेव्हा तू काहीतरी कर, आणि मी लिहिलंय हे सांगू नकोस.

तुझी,
काकू


६ फेब्रुवारी

प्रिय काका आणि काकू,

मला कुठूनतरी कळलं आहे. कुठून ते विचारू नका. (काकू, मला खोटं बोलता येत नाही, एवढंच जमलं.)

आधी तातडीचं. पंपाच्या वर जो पाइप जातो, त्यावर पाण्याचा कॉक असेल. तो अर्धा बंद करा, आत्ताच, पत्र खाली ठेवून. मी थांबते.

केला? आता बसा.

काका, माझ्या आकड्यात खोट निघाली तर मला वाईट वाटेल, खोटं कशाला सांगू? पण खोट आहे आणि मला कोणी सांगतच नाही, याने मला रडू येतं. त्या आकड्याला जपू नका. तो माझा आहे, पण मासे तुमचे आहेत.

दोन गोष्टी करून कळवा. एक, टाकी आतून मोजा, काचेपासून काचेपर्यंत. पाणी काठापासून किती खाली आहे आणि तळाला वाळू किती, तेही लिहा. दोन, थोडा वेळ कॉक पूर्ण उघडून वरच्या पाइपाचं तोंड बादलीत धरा आणि घड्याळ लावून बघा, बादली किती वेळात भरते. पंपाच्या खोक्यावर छापलेलं मला नको, तुमच्या घरात खरोखर किती पाणी वाहतं ते हवं. आणि सेकंद काकूने मोजायचे.

मोजपट्टी


१३ फेब्रुवारी

प्रिय मोजपट्टी,

"कुठूनतरी" काल माझ्यासमोर बसून चहा पीत होती. मी म्हटलं, "तू कळवलंस ना?" म्हणाली, "मी? माझं पेन कुठे चालतंय?"

कॉक अर्धा बंद केल्यापासून चौघं जरा माणसात आले आहेत. अस्तर लाकडामागून डोकावतो.

बादलीचा कार्यक्रम असा झाला. मी पाइप धरला, काकू घड्याळ घेऊन स्टुलावर. ती म्हणाली, "सोडा." मला ऐकू आलं "थोडा". म्हटलं, थोडा काय? तोवर बादली भरून चटईवर. मग हात खाली केला की सोडायचं असं ठरलं. तिसऱ्या खेपेला नीट जमलं. पंधरा लिटरची बादली पंधरा सेकंदांत गच्च. काकू म्हणाली, "हे माशांचं घर आहे की आग विझवायचा बंब?"

आतलं माप: साठ, अठरा, चोवीस. पाणी काठापासून तीन इंच खाली. वाळू दोन इंच. शिवाय ते लाकूड.

तुझी भुवई वर गेलेली मला इथून दिसते. आधी बासष्ट, वीस, सव्वीस कुठून आले? अगं, मी प्रत्येक मापात दोन इंच जास्त धरले. शिवणीत माया सोडायला नको का? चाळीस वर्षांत मी अंगाबरोबर माप कधी लिहिलंच नाही. कापड धुतलं की आटतं, माणूस जेवला की सुटतो. हात आपोआप दोन इंच वर जातो. काकू म्हणते, "काच काय धुतल्यावर आटणार होती?" मी म्हटलं, "सवय आहे." ती म्हणाली, "तुमच्या सवयीत चार मासे वाहून गेले असते."

आता तूच बघ. मुदतीला पंधरवडाच उरलाय आणि डॉक्टरांनी त्यांच्याकडची एक भिंत रिकामी करून ठेवली आहे. मी जिन्यातून जाताना बघितली.

तुझा,
काका


१७ फेब्रुवारी

प्रिय काका, प्रिय काकू,

तुमचं पत्र वाचून मी इतकी हसले की मैत्रिणीने पाणी आणून दिलं. नंतर हिशोब मांडला आणि हसू थांबलं. तुमच्या टाकीत पाणी सव्वापाचशे लिटर नाही, जेमतेम सव्वातीनशे आहे. आणि बादलीच्या मापाने तासाला छत्तीसशे लिटर वाहतंय. म्हणजे सगळं पाणी तासात अकरा वेळा फिरत होतं!

पण दोष एकट्या दोन इंचांचा नाही. तुम्ही माया सोडली, मीही सोडली. चारावर भागलं असतं तिथे आठ धरले, आणि वर पंप आणखी मोठा. मला चुकायची भीती वाटते, म्हणून मी सगळीकडे थोडं जास्त टाकते. आपण दोघांनी मिळून त्या चौघांना ढगळ कोट शिवला.

त्याहून मोठी चूक माझी एकटीची. पाणी गाळणं आणि पाणी ढवळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मी दोन्ही एकाच आकड्यात कोंबल्या. घाण पचवतात ते स्पंजातले जिवाणू. त्यांना जागा भरपूर हवी, म्हणून गाळणीत अजून दोन जाड स्पंज घाला. पाणी मात्र सावकाश जाऊ द्या. आणि मी एकदाही विचारलं नाही की मासा कसा आहे. एंजल म्हणजे उभी पातळ चकती, वर लांब पर. संथ पाण्यातला जीव तो. प्रवाहात तो मासा राहत नाही, त्याचं शीड होतं.

तर आता असं करून बघा. कॉक इतका बंद करा की बादली भरायला चाळीस सेकंद लागतील. तासाला चार वेळा पाणी फिरेल. मग पाणी एका तोंडातून सोडू नका. टाकीच्या लांबीचा पाइप घ्या, पुढचं तोंड बंद करा, त्याला ओळीने भोकं पाडा, भोकांचं तोंड मागच्या काचेकडे. पाणी आधी काचेवर पसरेल आणि मग माशांकडे येईल. पेन्सिल जाईल एवढी भोकं, सारख्या अंतरावर, वीसच्या वर. सारखं अंतर तुम्हाला मी काय सांगायचं!

काकू, चुळेचा आवाज खाली पडणाऱ्या पाण्याचा आहे. पाणी कमी झालं की तो बसेल. पंपाखाली स्पंजाचा तुकडा ठेवा आणि पाइप कपाटाच्या लाकडाला कुठे टेकत असेल तर तिथे रबर द्या, म्हणजे थरथर जाईल. आणि हे तुझ्या कानांनी तपास, काकांच्या नको.

आणि आता एक वाक्य लिहिते, जे लिहायला मला सकाळपासून धीर होत नव्हता. हे बरोबरच आहे असं मी म्हणत नाही. चाळीस सेकंद हा माझा अंदाज आहे. खाणं मासे आपण होऊन पकडतात का, लाकडाबाहेर येतात का, हे बघून कॉक थोडा इकडे थोडा तिकडे करा. माझा आकडा आणि झालर यांच्यात भांडण झालं, तर झालरचं ऐका.

मोजपट्टी


१ मार्च

बाळ,

काल मुदत संपली, म्हणून हे पत्र मी लिहितेय. तुझे काका खुर्चीतून उठायला तयार नाहीत.

पाइपाला त्यांनी चोवीस भोकं पाडली. त्याला ते काजं म्हणतात. खडूने खुणा केल्या, एक काज अर्धा दोरा चुकलं म्हणून सगळा पाइप टाकून नवा आणला. बादली चाळीस सेकंदांना आणली. झालरला तेही जास्त वाटलं बहुतेक, ती काचेशी दबकून राहायची. मग ह्यांनी मला न विचारता कॉक आणखी केसभर फिरवला आणि ती मधोमध येऊन उभी राहिली. तुझा आकडा मोडला म्हणून त्यांना वाईट वाटत होतं. मी म्हटलं, "पोरीने स्वतःच लिहिलंय, झालरचं ऐका." तेव्हा कुठे चेहरा सुटला.

आवाज? मी डोळे मिटून बसले होते. घड्याळ ऐकू येतं. टाकी ऐकू येत नाही. म्हणजे अगदीच लक्ष दिलं तर येते, पण लक्ष द्यावंसं वाटेल इतपतच.

काल संध्याकाळी डॉक्टर आले, दोन माणसं आणि पट्टे घेऊन. शब्दाचे पक्के. म्हणाले, "वहिनी, अटीप्रमाणे मला सांगा." तुझे काका उठले आणि टाकीची वायर काढायला वाकले. आवाज बसलाय हे त्यांना कुठे ऐकू येतंय, मी बोलायच्या आतच आपण हरलो असं धरून चालले. मला ते बघवेना, म्हणून मी टाकीकडे बघितलं. आणि बघते तर त्या रुंद पानावर पांढऱ्या दाण्यांची ओळ! अगदी बारीक, एकाला एक लागून, जणू कोणी मणी शिवलेत. झालर वरून परांनी वारा घालतेय आणि कॉलर पहारा देतोय. बटणाने जवळ यायचं धाडस केलं तर त्याच्या अंगावर धावून गेला.

मी ओरडले, "वायरीला हात लावू नका!" ह्यांना ऐकू आलं नाही, मी हातच धरला. डॉक्टर चष्मा पुसून वाकले. "अंडी," म्हणाले. मी म्हटलं, "बाळंतिणीला कोणी घरातून हलवतं का?" ते म्हणाले, "पण अटीत हे नव्हतं." मी म्हटलं, "अट माझी आहे. त्यात काय आहे आणि काय नाही ते मी सांगणार." दोन्ही माणसं हसायला लागली. डॉक्टरही हसले, आणि मग पट्टे खाली टाकून चौघंही टाकीसमोर बसून राहिले. सगळ्यांना चहा करायला मलाच उठावं लागलं, आणि तेवढ्यात माझी खुर्ची डॉक्टरांनी घेतली.

तुझ्या काकांना मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं: टाकी राहणार. त्यांनी तो वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हो, मला आत्ता ऐकू आलं होतं." अजिबात ऐकू आलेलं नव्हतं.

आता घाईने लिहितेय ते यासाठी. डॉक्टर म्हणतात पिल्लं दोन-चार दिवसांत बाहेर पडतील आणि टाचणीच्या टोकाएवढी असतील. मग ती पाण्याबरोबर खाली गाळणीत ओढली गेली तर? पाण्याचा जोर अजून किती कमी करायचा? पाण्याच्या वाटेवर काही जाळी लावायची का, आणि तिची भोकं केवढी? नीट हिशोब करून उलट टपाली कळव. तुझे काका विचारत नाहीयेत गं, त्यांना वाटतं सगळं आपोआप होईल. मी विचारतेय.

तुझी,
काकू